स्पोर्ट्स सायकॉलॉजी हे हल्लीचं फॅड आहे का? त्यात शिकायचं तर कोणत्या शाखा असतात?

फॅड अजिबात नाही हो, सव्वाशे वर्षं झाली या विषयाला. 1898 मध्ये अमेरिकेत नॉर्मन ट्रिप्लेट या मानसशास्त्रज्ञाने सायकल रेसचे रेकॉर्ड तपासले, तर सोबत कोणी असलं की सायकलवाले जास्त जोरात पळतात असं दिसलं, मग त्याने 40 मुलांना मासे पकडायच्या गळाची रीळ गरागरा फिरवायला लावली, कधी एकट्याने तर कधी जोडीने. बऱ्याच ठिकाणी एवढंच वाचायला मिळतं की जोडीने वेग वाढला. पण वाढला तो 20 जणांचा, 10 जणांना विशेष फरक पडला नाही आणि उरलेल्या 10 जणांचं चक्क बिघडलं, जिंकायच्या नादात तोंड लाल, धाप लागलेली, हाताचे स्नायू आखडलेले. प्रॅक्टिसला भारी खेळणारं पोरगं मॅचला का गळपटतं हा सगळा प्रश्न त्या दहा मुलांत आहे असं मला मनापासून वाटतं.

पुढे 1925 मध्ये कोलमन ग्रिफिथ या अमेरिकन मानसशास्त्रज्ञाने इलिनॉय विद्यापीठात या विषयाची लॅब काढली, ती 1932 ला बंद पडली. 1938 मध्ये शिकागो कब्स या बेसबॉल टीमच्या मालकाने त्याला खेळाडूंसोबत काम करायला बोलावलं पण मॅनेजर चार्ली ग्रिमला ही लुडबुड वाटली आणि त्याने काही साथ दिली नाही. आपल्याकडेही कोचला विश्वासात न घेता सायकॉलॉजिस्ट आणला की हेच होतं, म्हणून आधी कोचशी बोलावं. 1965 मध्ये रोमला पहिली जागतिक परिषद झाली, तिथून हा विषय जगभर नीट उभा राहिला.

आता शाखा. एक म्हणजे परफॉर्मन्सचं काम, म्हणजे नेमबाजाचा ट्रिगर दाबायच्या आधीचा ठरलेला क्रम, रायफल खांद्याला, श्वास, नेम, आणि मनासारखं जमलं नाही तर शॉट न मारता रायफल खाली घेणं, हे रोज घोटून घ्यायचं. दुसरी क्लिनिकल, डिप्रेशन, खाण्याचे विकार वगैरे, त्यासाठी भारतात क्लिनिकल सायकॉलॉजिस्ट म्हणून आरसीआयची (भारतीय पुनर्वास परिषद) नोंदणी लागते, चार दिवसांचा ऑनलाइन कोर्स करून हे काम करू नये, खेळाडूचं वाटोळं होतं. तिसरी एक्सरसाइज सायकॉलॉजी, ही मेडलवाल्यांसाठी नाहीच मुळी, डॉक्टरांनी चालायला सांगितलेला माणूस दोन आठवड्यांत का सोडून देतो, व्यायामाने मूड का सुधारतो, असलं सगळं. आपल्याकडे शुगरचे इतके पेशंट आहेत, खरं तर हिच्यातच जास्त माणसं यायला हवीत, पण सगळ्यांना क्रिकेट टीमसोबत फिरायचं असतं.

मराठीत वाचायचं असेल तर नाशिकचे भीष्मराज बाम सरांचं लिखाण शोधा, पोलिस खात्यातले मोठे अधिकारी, नंतर अंजली भागवतसारख्या नेमबाजांसोबत काम केलं, आणि लिहायचे अगदी सोपं. शिकायचंच असेल तर आधी सायकॉलॉजीत बीए, एमए करा आणि सोबत एखाद्या क्लबवर रोज जाऊन पोरांची प्रॅक्टिस बघत बसा.