वेण्या घातल्या आणि स्वेटर आक्रसला

प्रश्न : ताई, माझी मुलगी डब्लिनला शिकायला आहे, तिकडे ते क्रीम रंगाचे, भरगच्च वेण्यांचे अरन स्वेटर सगळीकडे दिसतात आणि तिला तसाच पण आईच्या हातचा हवाय. मी खरी लोकर आणली, साधा नमुना विणून बघितला, इंचाला साडेपाच टाके आले, पाठ 20 इंच हवी म्हणून 110 टाके घातले. पाच वेण्या आहेत, सहा-सहा टाक्यांच्या. बॉर्डरच्या वर 9 इंच झाल्यावर मोजलं तर जेमतेम 18 भरतंय! सगळं उसवायचं का? की इस्त्रीने ओढून बसेल?
– एक वाचक, नाशिक

उत्तर : अहो, तुमचा हात अजिबात चुकलेला नाही, नमुना चुकला. वेणी घालताना आपण काय करतो, तीन टाके जादाच्या सुईवर घेऊन पुढे धरतो, मागचे तीन विणतो आणि मग ते पुढचे विणतो, म्हणजे तीन टाके तिघांच्या अंगावर चढून बसतात ना, मग सहा टाक्यांची वेणी साधारण चार टाक्यांचीच जागा घेते. पाच वेण्यांचे दहा टाके गेले, साडेपाचच्या हिशोबाने झाले की जवळपास दोन इंच! म्हणून नमुना नेहमी त्याच डिझाइनचा विणायचा, निदान दोन वेण्या आणि मधल्या उलट टाक्यांसकट, आणि धुऊन वाळवून मगच मोजायचा.

इस्त्री मात्र नको, प्लीज. दाबून फिरवली की वेण्या चपट्या होतात आणि या स्वेटरची सगळी मजा त्या उठावातच आहे, आयर्लंडच्या पश्चिमेला अरन बेटं आहेत तिथला हा प्रकार, न रंगवलेल्या लोकरीचा, त्या फिक्या रंगावर वेणीची सावली काय सुंदर पडते! आणि ॲक्रिलिक असेल तर गरम इस्त्रीने कायमचं लोळागोळा होतं, ते परत उठत नाही.

उसवा, पण बॉर्डरपर्यंतच. आधी बॉर्डरच्या शेवटच्या ओळीतल्या प्रत्येक टाक्यातून एक बारीक सुई किंवा वेगळ्या रंगाचा दोरा ओवून घ्या, मग बिनधास्त ओढा, एकही टाका गळणार नाही. आता वरच्या पहिल्या ओळीत जिथे वेणी येणार तिथेच चाराचे सहा करा, म्हणजे 110 चे 120 होतील, आणि बॉर्डर फुगणार नाही. हे इतकं नीट बसतं की मी आता सुरुवातीलाच जास्त टाके कधी घालत नाही. खांद्याला बंद करताना वेणीवर दोन-दोन टाके जोडीने विणून परत कमी करा, नाहीतर तिथे झालर पडते. पुढच्या भागालाही हेच. आणि मधल्या वेणीच्या डावी-उजवीकडच्या वेण्या आरशातल्यासारख्या हव्या असतील तर एका बाजूला जादाची सुई पुढे धरा, दुसऱ्या बाजूला मागे.

उसवलेली लोकर कुरळी झालेली असेल, ती तशीच विणू नका, टाके वेडेवाकडे येतात. खुर्चीच्या पाठीवर गुंडाळून लडी करा, चार ठिकाणी सैल बांधा, कोमट पाण्यात भिजवून न पिळता टॉवेलात दाबा आणि सावलीत टांगा. वाळली की सरळ होते.