आजीपुढं मोबाईल धरून बसणारी लेक आणि सत्तर हजारांचा लॅपटॉप

नमस्कार दादा,

तुमचं आटपाडीकडून आलेलं पत्र दोनदा वाचलं. बाकीच्यांना कळावं म्हणून थोडक्यात सांगते. यांची मुलगी सांगलीला हॉस्टेलवर राहून बीए करतीय, सेकंड इयर, विषय इतिहास. सरांनी यावेळी नेहमीच्या असाइनमेंटऐवजी घरातल्या म्हाताऱ्या माणसाची एक आठवण घेऊन चार मिनिटांची फिल्म करायला सांगितलीय. त्यामुळं पोरगी सुट्टीला आली तरी डाळिंबाच्या बागेकडं फिरकत नाही, दिवसभर आजीपुढं मोबाईल, आता लॅपटॉप मागतीय आणि वर म्हणते मला प्राध्यापक होऊन असंच शिकवायचंय. दादा विचारतात, रील करायला कॉलेजात घातली का तिला?

रील नाही हो हे. याला डिजिटल स्टोरीटेलिंग म्हणतात. 1990 नंतर अमेरिकेत कॅलिफोर्नियात ज्यो लॅम्बर्ट आणि डेना ॲचली या स्टेजवर काम केलेल्या मंडळींनी त्याची वर्कशॉप घ्यायला सुरुवात केली, स्वतःचा आवाज, घरातले जुने फोटो, अडीचशे-तीनशे शब्दांची स्क्रिप्ट, दोन-चार मिनिटांत गोष्ट संपली पाहिजे एवढंच. पुढं कॉलेजं-विद्यापीठांनी ते वर्गात आणलं. (नाटकवाल्यांनी सुरू केलेल्या गोष्टीला सांगलीकरांनी तरी नाक मुरडू नये, 1843 मध्ये विष्णुदास भाव्यांचं सीतास्वयंवर तिथंच उभं राहिलं ना.)

तुम्ही लिहिलंय, "आई म्हणते बाहत्तरच्या दुष्काळात खडी फोडायला जायचो, सुकडी मिळायची, मिलो ज्वारी खाऊन दिवस काढले, हे तर सगळ्या गावाला माहितीय, यात इतिहास कसला?" आणि पुढच्याच ओळीत तुम्ही लिहिता की आई म्हणते रोजाला तीन रुपये मिळायचे, शेजारचे तात्या म्हणतात छ्या, दीड. दादा, इतिहास तिथंच सुरू झाला की! आता पोरीला जुनी वर्तमानपत्रं बघावी लागणार, गॅझेटियर, म्हणजे जिल्ह्याच्या माहितीचं सरकारी पुस्तक, चाळावं लागणार, त्या वेळचा मुकादम कुठं असला तर त्याला गाठावं लागणार, आणि आजी चुकल्या असतील तरी तो आकडा त्यांच्या डोक्यात का बसला हेही विचारावं लागणार. हे करता करता तिला वि. स. पागे भेटतील, रोजगार हमीची कल्पना मांडणारे, ते तुमच्याच जिल्ह्यातले, तासगाव तालुक्यातल्या विसापूरचे. 1972 मध्ये योजना सुरू झाली, 1977 ला त्याचा कायदा झाला, आणि 2005 चा देशाचा रोजगार हमी कायदा याच वाटेनं पुढं आला. आता आजीच्या हातातला तो हातोडा दिल्लीपर्यंत जातो की नाही बघा. पुस्तकातला धडा पाठ करून ही जोड सापडत नाही, मी तरी बीएला असताना नाही सापडली, गाइडवर पास झालेय मी.

अवघड काम असतं ते कापायचं. आजी तासभर बोलतात, त्यातली चार मिनिटं ठेवायची. साताऱ्यात एका कॉलेजच्या वर्कशॉपला एका पोरानं आजीच्या आवाजाखाली सुरुवातीपासून शेवटपर्यंत रडकी बासरी लावली होती. म्हटलं काढ ती. काढली तर खाली आजी सुपात ज्वारी पाखडत बोलत होती तो आवाज आला, बांगड्या वाजत होत्या मध्येमध्ये, सगळा वर्ग गप्प. त्या बासरीनं इतका वेळ तेच झाकून ठेवलेलं.

आता पोटापाण्याचं, कारण तुमची खरी काळजी ती आहे आणि बरोबर आहे. नुसती फिल्म करता येते म्हणून कुणी प्राध्यापक करत नाही. इतिहासात एमए (कोल्हापूरला शिवाजी विद्यापीठात होईल), ओपनला 55 टक्के, राखीव प्रवर्गाला 50, आणि मग नेट किंवा सेट ही प्राध्यापकीची पात्रता परीक्षा, नाहीतर यूजीसीच्या नियमांप्रमाणे केलेली पीएचडी. एवढं करूनही कायम जागा लगेच मिळत नाही, काही वर्षं सीएचबीवर, म्हणजे घेतलेल्या तासांपुरत्या पैशात, काढावी लागतात, हे तिला आत्ताच स्पष्ट सांगा, गोड बोलू नका. पण इथंच हे काम कामाला येतं. पुणे विद्यापीठात शैक्षणिक फिल्म बनवणारं ईएमआरसी आहे, केंद्र सरकारच्या स्वयम पोर्टलवरचे ऑनलाइन कोर्स कुणीतरी बनवतंच, म्युझियम आहेत, प्रकाशनं आहेत, आणि तिथं कॅमेरा येणारी माणसं पायलीला पन्नास मिळतात, विषय आणि कॅमेरा दोन्ही येणारं माणूस शोधावं लागतं. पुढं जाऊन तिला यातच शिकायचं असेल तर कोलकात्याच्या जादवपूर विद्यापीठात आणि आयआयटी जोधपूरला डिजिटल ह्युमॅनिटीज, म्हणजे इतिहास-साहित्यासारखे विषय कॉम्प्युटरच्या जोडीनं, शिकवतात. ते नंतर बघू, आधी बीए.

लॅपटॉप आत्ता नको. मोबाईल आहेच, शर्टाला लावायचा एक साधा कॉलर माइक घ्या, आवाज साफ करायला ऑडॅसिटी फुकट आहे, कॉलेजच्या लॅबमधल्या जुन्या कॉम्प्युटरवरही चालतं. अशा तीन-चार फिल्म पूर्ण झाल्या आणि तरी तिची हौस टिकली तर मग घ्या खुशाल. आणि पुण्यातले ते लाखाचे एडिटिंगचे क्लास, त्यांचे फोन उचलूच नका.

तिला माझ्याकडून एवढं सांगा, रेकॉर्डिंग करताना पंखा बंद, कुकर बंद, आणि त्याच रात्री फाइल दुसरीकडं कॉपी. आजींची परवानगी कागदावर घ्यायची, अंगठा असला तरी चालेल, घरचंच माणूस आहे म्हणून सोडायचं नाही. आणि सरांना द्यायच्या आधी फिल्म आजींना दाखवायची, तात्यांनाही बोलवा त्या दिवशी. तीन रुपये की दीड यावरून दोघांची परत जुंपली तर तिला म्हणावं मोबाईल चालूच ठेव.