पेटीतून घरी आलेलं बाळ

ताई, वेळेआधी जन्मलेल्या बाळाची आधी दोन वयं मोजायला शिका: एक जन्मतारखेपासूनचं, दुसरं डॉक्टरांनी दिलेल्या अपेक्षित तारखेपासूनचं. ३० आठवड्यांत जन्मलेलं बाळ १० आठवडे आधी आलेलं असतं. त्यामुळे ते सहा महिन्यांचं झालं, तरी मान धरणं, हसणं बघताना साधारण साडेतीन महिन्यांचंच धरा. दोन वर्षांपर्यंत हाच हिशोब. लसी मात्र जन्मतारखेप्रमाणेच.

डोळ्यांच्या पडद्याची तपासणी जन्मानंतर ३० दिवसांच्या आत, फारच लहान बाळ असेल तर त्याहूनही आधी. आमच्या डिस्चार्ज कार्डावर ती एका ओळीत लिहिली होती, तोंडी कुणी सांगितलंच नाही. डोळे बाहेरून छान दिसतात, म्हणून चालढकल करू नका. बेरा, म्हणजे कानांची तपासणीही लगेच उरकून घ्या.

जिल्हा रुग्णालयात 'डीईआयसी', म्हणजे लहान बाळांच्या वाढीतल्या अडचणींवर लवकर उपचार करणारं सरकारी केंद्र, आहे का विचारा. फिजिओथेरपी, बोलण्याची थेरपी तिथे मोफत मिळते. काही दोष दिसेपर्यंत थांबायचं नसतं, हे मला उशिरा कळलं.

घरी मात्र घाई नको. खेळवताना बाळाकडे नीट बघा: नजर वळवतं, पंजे फाकवतं, उचकी लागते, रंग बदलतो, म्हणजे ते दमलंय. तिथेच थांबा, छातीशी उघड्या अंगाने धरा, दिवा मंद करा. खुळखुळे नंतर. जागेपणी तुमच्या छातीवर पालथं घेतलंत की मानेचा व्यायामही होतो. ऑक्सिजन चालू असेल तर आधी डॉक्टरांना विचारा. वॉकर कुणी आणला तर परत करा.

आणि बाळाची दवाखान्याची फाइल कायम सोबत ठेवा, अगदी सर्दीसाठी गेलात तरी.