वाचकांचे प्रश्न : शास्त्रज्ञ व्हायचे आहे

प्रश्न : माझी मुलगी अकरा वर्षांची आहे. आधी तिला अंतराळवीर व्हायचे होते, नंतर डायनोसॉरचे जीवाश्म शोधायचे होते आणि आता समुद्रातील प्राण्यांवर संशोधन करायचे आहे. तिच्या वडिलांना हा धरसोडपणा वाटतो. तिला आतापासूनच एका दिशेला लावावे का?
– एक आई

उत्तर : नाही. मुळात मला यात धरसोडपणाच दिसत नाही. अंतराळ, कोट्यवधी वर्षांपूर्वीचा काळ आणि समुद्राचा तळ या तिन्ही ठिकाणी माणसाला सहज जाता येत नाही. तेथे काय आहे किंवा काय होते, हे दूरवरच्या, अपुऱ्या पुराव्यांवरून ठरवावे लागते. तुमच्या मुलीला बहुधा याच गोष्टीचे आकर्षण आहे आणि ते तिने तीनदा वेगवेगळ्या नावांनी तुम्हाला सांगितले आहे. मुलांना व्यवसायांची मोजकीच नावे ठाऊक असतात आणि त्यांतलेच एखादे ती उचलतात, त्यामुळे नाव बदलले म्हणून ओढ बदलली असे समजू नये.

चार्ल्स डार्विन 1825 मध्ये वैद्यकीच्या शिक्षणासाठी एडिंबरोला गेला, पण शस्त्रक्रिया पाहणे त्याला असह्य झाले आणि ते शिक्षण सुटले. पुढे त्याने धर्मोपदेशक व्हावे म्हणून वडिलांनी त्याला केंब्रिजला पाठवले. बाहेरून पाहणाऱ्याला हा मुलगा वाया गेला असेच वाटले असते. मात्र या सगळ्या काळात त्याचा निसर्गवस्तू जमवण्याचा नाद कायम होता; केंब्रिजमध्ये तर तो भुंगेऱ्यांच्या मागे अक्षरशः वेडा झाला होता. तेथील वनस्पतिशास्त्राचे प्राध्यापक हेन्स्लो यांनी ही वृत्ती ओळखली आणि त्यांच्या शिफारशीमुळे 1831 मध्ये डार्विनला ‘बीगल’ जहाजावरील जवळजवळ पाच वर्षांच्या प्रवासाची संधी मिळाली. घरच्यांनी ठरवलेल्या दोन्ही दिशा सुटल्या आणि नाद तेवढा टिकला.

तेव्हा मुलगी काय होणार म्हणते यापेक्षा कोणी न सांगता काय करत बसते, याकडे लक्ष द्या. तिला एखादी वही द्या आणि महिनाभर चंद्र उगवण्याच्या वेळा टिपायला सांगा. ही वेळ रोज सरासरी 50 मिनिटांनी पुढे सरकते, पण हे तिला आधी सांगू नका; ते तिच्याच नोंदींतून निघू द्या. ढगांमुळे काही नोंदी हुकतील, मधेच कंटाळाही येईल. संशोधनाचा बराचसा वेळ अशाच कामात जातो आणि चित्रपटांतील शास्त्रज्ञ ते करताना कधीच दिसत नाहीत. तिने वही अर्ध्यावर सोडली तरी त्यावरून कोणताही निष्कर्ष काढू नका. अकरा वर्षांच्या मुलीची परीक्षा घ्यायची नाही, तिला त्या कामाची ओळख करून द्यायची आहे.

प्रश्न : मी नववीत आहे. मला शास्त्रज्ञ व्हायचे आहे, पण गणितात कमी गुण मिळतात. शिक्षक म्हणतात की विज्ञानाचा विचार सोडून दे. काय करू?
– एक विद्यार्थिनी

उत्तर : जॉन गर्डन यांना शाळेत जीवशास्त्रात वर्गातले सर्वांत कमी गुण होते आणि त्यांचे शास्त्रज्ञ होण्याचे स्वप्न हास्यास्पद आहे, अशा अर्थाचा शेरा शिक्षकांनी अहवालात लिहिला होता. त्याच गर्डन यांना 2012 मध्ये वैद्यकशास्त्राचे नोबेल पारितोषिक मिळाले. ही गोष्ट नेहमी येथेच संपवली जाते, हे मला खटकते. असा शेरा मिळालेली आणि पुढे संशोधनात न गेलेली मुले कितीतरी असतील, त्यांच्या गोष्टी कोणी सांगत नाही. शिवाय गर्डन यांना नंतर खासगी शिकवणीची सोय मिळाली होती. त्यामुळे या गोष्टीतून एवढेच घे, की शाळेतल्या एका वर्षाच्या गुणांवरून तुझ्याविषयीचा अंतिम निर्णय करता येत नाही.

आता गणिताविषयी. मायकेल फॅरडे पुस्तकबांधणीच्या दुकानात उमेदवारी करत वाढला. त्याचे गणित अगदी बेताचे होते, तरी 1831 मध्ये त्याने विद्युतचुंबकीय प्रवर्तनाचा, म्हणजे बदलत्या चुंबकक्षेत्रामुळे वीज निर्माण होण्याचा, शोध लावला. त्याच्या कल्पनांना गणिती रूप पुढे भौतिकशास्त्रज्ञ मॅक्सवेलने दिले. पण फॅरडेचा आधार घेऊन गणित टाळू नकोस, कारण आज पक्ष्यांचा किंवा जंतूंचा अभ्यास करणाऱ्यालाही संख्याशास्त्र लागतेच. प्रत्येक शाखेला सारखेच गणित लागत नाही, हेही खरे. सैद्धांतिक भौतिकशास्त्राची गरज वेगळी आणि वनस्पतींच्या वर्गीकरणाची वेगळी. तुझे गुण नेमके कोठे जातात ते आधी शोध. बहुतेकदा मागच्या इयत्तांतील अपूर्णांक, गुणोत्तर किंवा बीजगणिताची सुरुवात कच्ची राहिलेली असते आणि ती भरून काढायला नववी हे मुळीच उशिराचे वय नाही.

प्रश्न : भौतिकशास्त्राची पदवी पूर्ण होत आली आहे, पण आता जीवशास्त्राकडे ओढा आहे. विषय बदलायला उशीर झाला आहे का?
– पदवीचा विद्यार्थी

उत्तर : वेंकटरमण रामकृष्णन यांनी 1976 मध्ये भौतिकशास्त्रात पीएच.डी. पूर्ण केली आणि त्यानंतर पुन्हा विद्यार्थी होऊन ते जीवशास्त्र शिकले. पेशीत प्रथिने तयार करणाऱ्या रायबोसोमच्या रचनेवरील कामासाठी 2009 मध्ये त्यांना जे नोबेल पारितोषिक मिळाले, ते रसायनशास्त्राचे होते. तुमची तर अजून पदवीच चालू आहे.

मात्र पुढचा हिशेब डोळ्यांसमोर ठेवा. पीएच.डी.ला साधारण चार ते सहा वर्षे लागतात, त्यानंतर अनेकांना काही वर्षे तात्पुरत्या संशोधनपदावर काढावी लागतात, आणि विद्यापीठांतील कायमची पदे इच्छुकांपेक्षा बरीच कमी असतात. म्हणून जीवभौतिकीसारख्या, तुमचे आधीचे शिक्षण उपयोगी पडेल अशा शाखेपासून सुरुवात करा आणि अर्ज करण्यापूर्वी एखाद्या प्रयोगशाळेत काही महिने काम करून पाहा. मार्गदर्शक निवडताना त्यांच्या शोधनिबंधांची संख्या मोजण्याआधी त्यांच्या सध्याच्या विद्यार्थ्यांशी एकांतात बोला : मार्गदर्शक किती वेळा भेटतात, प्रयोग फसला तर काय म्हणतात आणि आधीचे विद्यार्थी आज कोठे आहेत, हे त्यांच्यापैकी निदान तिघांना विचारा.