दमणचा समुद्र आणि नाशिकचा दवाखाना

"ताई, मी अमळनेर तालुक्यातल्या एका गावातली सून. वय 33, लग्नाला 11 वर्षं झाली, एक मुलगा आहे. घरात सासूबाई, मोठे दीर-जाऊ, त्यांची दोन मुलं. शेती कपाशीची, थोडा मका. सगळं जग दिवाळीत आणि मे महिन्यात फिरतं, तेव्हा आमच्याकडे वेचणी नाहीतर लागवडीची घाई. म्हणून आम्ही दोघं आडहंगामात निघतो. निंदणी झाली, फवारणीला वेळ आहे, असे आठवड्याच्या मधले दोन दिवस पकडायचे. तोरणमाळला गेलो, पाटणादेवीचा धबधबा पाहिला, सापुतारा झालं, यंदा जुलैत दमण. खोल्या स्वस्त मिळतात, गर्दी नसते. डोंगर-पाणी पाहिलं की हे वेगळेच होतात. घरात आमचं दिवसभरात चार शब्दही बोलणं होत नाही, तिथे अर्धी अर्धी रात्र बोलत बसतो.

पण घरी खरं सांगून कधी गेलोच नाही. सासूबाई म्हणतात, 'पानी देखाले इतलं दूर कसाले जानं पडस?' म्हणून कधी लग्न सांगितलं, कधी बँकेचं काम. यंदा ह्यांनी सांगितलं की दुसऱ्या मुलासाठी नाशिकला डॉक्टरांना दाखवायचंय. सासूबाईंनी डब्यातून दोन हजार काढून माझ्या हातावर ठेवले. जाऊबाईंनी मनुदेवीला नारळ कबूल केला. परत आल्यावर मुलगा मोबाइल घेऊन बसला होता, त्यात जाऊबाईंना समुद्राचे फोटो दिसले. 'समुद्र चांगला दिसतोय गं,' एवढंच म्हणाल्या आणि भाकरी टाकायला गेल्या. सासूबाईंना अजून माहीत नाही. रोज माझ्या तोंडाकडे बघतात. हे म्हणतात, गप्प राहा, विषय आपोआप मिटेल, खरं सांगितलं तर फिरणं कायमचं बंद होईल. मला झोप लागत नाही. सहली बंद करू का? की सांगून टाकू?"

— एक सून

पोरी, सहली बंद करू नकोस. आणि सांगूनही टाक.

आधी सहलींचं बोलते, कारण पत्रभर तू त्यांच्याबद्दल चोरी केल्यासारखं लिहिलं आहेस. एका छपराखाली आठ माणसं, त्यातली तीन पोरं, मजुरांचं येणं-जाणं. अशा घरात नवरा-बायकोला निवांत बोलायला जागा कुठे असते? स्वयंपाकघरात जाऊ, ओट्यावर सासू, रात्री मधे मुलगा. चाळिशीच्या आसपासची कितीतरी जोडपी एकमेकांशी फक्त खत, शाळेची फी आणि गॅस सिलिंडर एवढ्यावरच बोलतात आणि मग एक दिवस तेही संपतं. तुम्ही वर्षातून दोन दिवस काढून ते तुटू दिलं नाही. नोकरदारांच्या सुट्ट्या कॅलेंडरवर छापलेल्या असतात. कपाशीवाल्याला मेच्या अखेरीपासून लागवड, मग निंदणी, फवारणी, दसऱ्यापासून वेचणी, आणि वेचणी संपते तोवर वर्ष उलटतं. मधल्या फटीत जे मिळतं तीच तुमची सुट्टी. आणि ती काही वाईट मिळत नाही. साडेतीन हजार फुटांहून उंच असलेल्या तोरणमाळला ऑगस्टमध्ये यशवंत तलावावर धुकं उतरतं. शनिवार-रविवारी तिथे गाड्यांची रांग लागते, बुधवारी तोच तलाव दोघांना पुरून उरतो. 2023 पासून एसटीत बायकांना अर्धं तिकीट आहे, आडहंगामात खोलीचं भाडं उतरतं, म्हणजे घराच्या पैशांना फार मोठं भगदाड पाडून तुम्ही हिंडता असंही नाही.

आता दुसरी बाजू. लग्न आणि बँक हीसुद्धा खोटीच कारणं होती, पण त्यांनी कुणाच्या काळजाला हात लागला नव्हता. नाशिकच्या दवाखान्याने लागला. सासूबाई रोज तुझ्या तोंडाकडे का बघतात हे तुलाही ठाऊक आहे, म्हणून तर झोप उडाली आहे. त्या महिने मोजत आहेत. आपल्याकडच्या म्हाताऱ्या बायकांच्या डब्यातले पैसे म्हणजे दूध-तुपातून मागे टाकलेले, कुणी पाया पडताना हातावर ठेवलेले, दहा-वीस करत साठलेले असतात. त्यातले दोन हजार रुपये त्यांनी नातवंडाच्या आशेने काढून दिले. आणि जाऊबाई? तू दवाखान्यात आहेस असं समजून त्यांनी तुझ्या वाटणीचं दूध काढलं, मजुरांच्या भाकऱ्या थापल्या, तुझ्या पोराला आंघोळ घातली. फोटो पाहून त्या आदळआपट करू शकल्या असत्या, सासूबाईंपुढे मोबाइल धरू शकल्या असत्या. त्यांनी तसं केलं नाही. ही बाई तुझ्या बाजूची आहे, पण दुखावलेली आहे.

गप्प राहिलं की विषय मिटेल हे तुझ्या नवऱ्याचं म्हणणं मला पटत नाही. आशा लावून दिलेला विषय मिटत नसतो. पुढच्या महिन्यात सासूबाई विचारतील, डॉक्टर काय म्हणाले? मग तुम्हाला गोळ्या सांगाव्या लागतील, तारीख सांगावी लागेल.

एक गोष्ट तुम्हा दोघांच्याही लक्षात आलेली दिसत नाही आणि मला तिचीच जास्त भीती वाटते. जुलैत दमणच्या किनाऱ्यावर तुम्ही उभे होता तेव्हा जगातल्या एकाही आपल्या माणसाला तुम्ही कुठे आहात हे माहीत नव्हतं. आडहंगाम म्हणजे माणसं कमी. जे आपल्याला हवं असतं, तेच अडचणीच्या वेळी अंगावर येतं. जून-जुलैत पश्चिम किनाऱ्यावर यांत्रिक होड्यांना मासेमारी बंद असते, उभा जन्म समुद्रावर काढलेले लोकसुद्धा तेव्हा होड्या काठावर ओढून ठेवतात. दमणला ओहोटीला पाणी लांबवर मागे सरकतं, खालचे खडक आणि चिखल उघडे पडतात, आणि तिथवर चालत गेलेल्याला भरती गाठते. आपण तापीकाठची माणसं. नदीचं पाणी कुठून येतं ते आपल्याला कळतं, समुद्राचं कळत नाही. धबधब्याचंही तसंच. तुमच्या डोक्यावर ऊन असतं आणि वर सातपुड्यात पाऊस कोसळलेला असतो. 30 जून 2024 ला लोणावळ्यात भुशी धरणाजवळच्या धबधब्यात एकाच कुटुंबातली पाच माणसं वाहून गेली. थोड्याच वेळापूर्वी ती तिथे सहलीची मजा घेत होती. तुमच्यावर असा प्रसंग आला असता, तर तुझे दीर नाशिकचे दवाखाने पालथे घालत बसले असते.

म्हणून यापुढे निघताना घरी ठिकाणाचं नाव, राहण्याच्या जागेचा फोन आणि परतायची वेळ सांगितल्याशिवाय पाऊल उचलायचं नाही. तोरणमाळच्या घाटात मोबाइलला रेंज मिळेलच असं नाही, तेव्हा घाटाआधीच्या म्हसावद गावातूनच एक फोन करून टाकायचा. हवामान खात्याचा इशारा आदल्या दिवशी बघायचा, ऑरेंज किंवा रेड असेल तर खोलीचे पैसे गेले तरी चालतील. धबधब्याचं पाणी एकाएकी गढूळ झालं, काड्या-पालापाचोळा वाहून यायला लागला, आवाज बदलला, की फोटो अर्धवट टाकून काठ चढायचा. तोरणमाळच्या सीताखाई दरीच्या कडेला ओल्या दगडावर फोटोसाठी एक पाऊल पुढे टाकायचं नाही, नवऱ्याला टाकू द्यायचं नाही. पावसाळ्यात समुद्र बघायचा तो वाळूवर बसून. मदतीला 112.

आता सांगायचं कसं. आजच जाऊबाईंशी बोल, सासूबाईंच्या आधी. त्या एकट्या असताना, हातातलं काम घेऊन शेजारी बस आणि सरळ सांग: आम्ही दमणला गेलो होतो, तुम्हाला खोटं सांगितलं, तुम्ही माझं सगळं केलंत आणि मी तोंड उघडलं नाही. कारणं देत बसू नकोस. त्यांनी कबूल केलेला नारळ तुमच्या खोट्यापायी कबूल झालाय, तो तुमच्या अंगावर आहे. तुम्ही दोघी जावा मिळून मनुदेवीला जा. चोपड्यावरून आडगावला, एका दिवसात जाऊन येणं होतं. सातपुड्याच्या पायथ्याशी देवळाजवळ पावसाळ्यात धबधबा कोसळत असतो. त्याही बाईने घराबाहेर शेवटचं पाणी कधी पाहिलं, विचार जरा.

सासूबाईंना मात्र तू सांगायचं नाहीस. ते तुझ्या नवऱ्याने सांगायचं. हे मी फार विचारपूर्वक लिहिते आहे. खोटं त्याच्या तोंडून निघालं, आई त्याची आहे. तू सांगितलंस तर घरात एकच गोष्ट होईल, सुनेनं पोराला नादी लावलं. रात्रीची जेवणं झाली, भांडी आवरली, त्या ओट्यावर बसल्या, की त्याने शेजारी बसून बोलावं. तू तिथे असावंस, आत लपू नये. त्याने म्हणावं, "आई, आम्ही नाशिकला गेलोच नाही. दोघं दमणला गेलो होतो. तुला खोटं सांगितलं, तुझे पैसे घेतले, हे चुकलं." आणि दोन हजार तिथेच हातावर ठेवावेत. त्या घेणार नाहीत, उलट्या रागावून फेकतील कदाचित. तरी उचलून पुन्हा त्यांच्या डब्यात ठेवा. दुसऱ्या मुलाबद्दलही त्याच वेळी एक वाक्य बोलून टाकायचं: ते आमचं दोघांचं ठरलं की आम्हीच सांगू, तोवर वाट पाहू नकोस. कठोर वाटेल, पण महिना-महिना तुझ्या तोंडाकडे बघत बसण्यापेक्षा त्यांना हे बरं.

इथे एक विचारते. दुसरं मूल तुम्हाला हवं आहे की नाही, हे तू पत्रात कुठेच लिहिलं नाहीस. हवं असेल आणि राहत नसेल, तर खरोखर डॉक्टरांकडे जा, आणि दोघांनी तपासून घ्या, तू एकटीने नाही. नको असेल तर तेही आधी तुमच्यात स्पष्ट होऊ दे. तोरणमाळच्या धुक्यात अर्धी रात्र बोलता ना, मग हा विषय तिथे निघाला नाही का?

सासूबाईंचं ते वाक्य मी पुन्हा पुन्हा वाचलं. पाणी बघायला इतक्या दूर कशाला जावं लागतं? तुला त्यात टोमणा दिसला. मला वाटतं, त्यांना कधी कुणी नेलंच नाही. त्यांच्या पिढीतल्या बाईला घराबाहेर पडायचे दिवस म्हणजे आखाजीला, अक्षय तृतीयेला, माहेर. निंबाच्या झाडाला बांधलेला झोका, गौराईची गाणी, बरोबरच्या पोरी, आणि चार दिवसांनी पुन्हा सासरची वाट. वय झालं, आई-बाप गेले, की आखाजीही संपते. नवऱ्याबरोबर दोन दिवस नुसतं बसायला, बोलायला जायचं असतं, हे त्यांना कुठून कळणार? राग निवला की त्यांना विचार, तुम्ही कुठे कुठे गेलात हो आई? ऐकून घे. मनात आलं तर त्यांना प्रकाशा गावाला ने, तापी-गोमाईच्या संगमावर. घाटावर बसून त्या किती बोलतील ते बघ.

मात्र त्यांना नेलंस म्हणून तुमचे दोन दिवस त्यांना देऊन टाकू नकोस. चांगल्या सुना इथेच फसतात. अपराधी वाटलं की सगळ्यांना गाडीत घालतात, मग डबे, औषधं, पोरांच्या उलट्या, आणि परत येताना नवरा-बायको पुन्हा तितकेच मुके. कुटुंबाची सहल वेगळी, तुमची वेगळी. दोन्ही उघड.

नवऱ्याला भीती आहे की फिरणं बंद होईल. सासूबाई पहिल्या वर्षी बोलतीलच. गावातही कुणी म्हणेल, दमणला कशाला जातात ते आम्हाला माहीत आहे. म्हणू द्या. तुम्ही घरच्या कामाची व्यवस्था लावून, स्वतःच्या पैशांनी जाता आहात, आणि ज्यांना सांगायचं त्यांना सांगून. पुढच्या वर्षीचे दिवस आत्ताच धरा. आधी दीर-जाऊंचे दोन दिवस ठरवा. तेव्हा त्यांची पोरं, गुरं, मजूर सगळं तू बघायचं, एक शब्द न काढता. त्यांना शहाद्यावरून तोरणमाळला पाठव, खोलीचा फोन नंबर तूच लिहून दे. तुमच्यासाठी पचमढी बघा, भुसावळहून इटारसीमार्गे जबलपूरकडे जाणाऱ्या गाडीने पिपरियाला उतरता येतं. तिथलं धूपगड, 1352 मीटरचं, सातपुड्याचं सर्वांत उंच टोक. पोळा झाल्यावर, वेचणी लागायच्या आत जाऊन या. तारीख ठरली की सासूबाईंना पंधरा दिवस आधी सांगा, आणि त्या "कसाले" म्हणाल्या तर नवऱ्याला म्हणू दे, "हिच्याशी बोलायला."