आपल्याकडे ४३ अंशांतही लिंब हिरवागार राहतो, मग एक-दोन अंशांनी हिमालयातल्या झाडा-प्राण्यांचं काय बिघडतं?

तुम्ही अंश मोजताय, ते मीटरमध्ये मोजून बघा. हजार मीटर चढलं की हवा साधारण साडेसहा अंशांनी थंड होते. संभाजीनगरहून म्हैसमाळ सुमारे ५०० मीटर उंच, म्हणून तिथे तीनेक अंश कमी. याच हिशोबाने १ अंश वाढला, की जुनंच हवामान हवं असलेल्या झाडाला दीडशे मीटर वर सरकावं लागतं. पण डोंगर वर निमुळता होत जातो, माती संपून खडक लागतो आणि शिखराच्या वर जागाच नाही.

खालची गवतं-झुडपं मात्र चढत राहतात. युरोपातल्या ३०२ शिखरांच्या जुन्या-नव्या नोंदींचा अभ्यास २०१८ साली आला. नव्या जाती शिखरावर पोचण्याचा वेग पन्नास वर्षांपूर्वीच्या पाचपट निघाला. जाती वाढल्या, हे सुचिन्ह समजू नका. येणाऱ्या जाती उंच आणि भराभर वाढणाऱ्या असतात. मूळच्या बुटक्या वनस्पती त्यांच्या सावलीत मागे पडतात. त्या दीर्घायुषी असल्यामुळे लगेच मरत नाहीत, म्हणून नुकसान मोजणीत उशिरा दिसतं.

माझ्या मते सर्वांत मोठा घात बर्फ कमी झाल्याने होतो. उसाच्या खोडव्यात पाचट जमीन झाकतं, तसंच बर्फाचं. जाड थराखाली जमीन शून्याच्या आसपास राहते, वर हवा उणे वीस असली तरी. तो लवकर वितळला की कळ्या लवकर धरतात आणि नंतरच्या एखाद्या गोठवणाऱ्या रात्रीत करपतात. फूल नाही, म्हणजे त्या वर्षी बीही नाही.

पिका हा सशाचा छोटासा भाऊबंद, हिमालयातही आहे. तो शीतनिद्रा घेत नाही. उन्हाळ्यात गवत कापून खडकांच्या फटीत गंजी लावतो. अमेरिकेतला पिका २५-२६ अंशांत आडोशाविना काही तास सापडला तरी मरू शकतो. म्हणून तापल्या दुपारी तो खडकाखाली दडतो आणि गंजी अपुरी राहते. हिवाळ्यात बर्फाचं पांघरूण पातळ असेल, तर तोच पिका गारठून मरतो. हवा तापल्यामुळे प्राणी थंडीने मरतो, हे पटायला वेळ लागतो.

गंगोत्रीच्या वर भोजबासाकडे जाणार असाल, तर भोजपत्राच्या जुन्या झाडांच्या वरच्या अंगाला कोवळी रोपं आहेत का ते बघा. असतील तर वनाची सीमा चढत असावी. मात्र त्या कुरणात चराई कधी थांबली हेही विचारा. गुरं-मेंढ्या बंद झाल्या तरी रोपं वर दिसू लागतात.