शहरातील रस्त्यांवर वेगमर्यादा ताशी ३० किलोमीटर केल्याने खरोखर काही साध्य होते का?

आपण विचारले आहे की, कोकणातल्या लहान शहरांत वाहनांचा वेग ताशी ३० किलोमीटरवर आणावा ही मागणी कितपत योग्य आहे. आपले रस्ते मुळातच अरुंद असताना तिथे गाड्या पळतात तरी कुठे. आणि अशी पाटी लागली तर पावत्या फाडायला आणखी एक निमित्त मिळण्यापलीकडे काय होणार, अशी आपली शंका आहे. मी रत्नागिरीत गेली २६ वर्षे माध्यमिक शाळेत विज्ञान शिकवतो आणि रोज स्कूटरने शाळेत जातो. माझे मत या मागणीच्या बाजूचे आहे. केवळ पाटी लावून हात झटकले तर मात्र तिचा उपयोग होणार नाही, हेही मला तितकेच पटलेले आहे.

आधी कायद्याची गोष्ट सांगतो, कारण चर्चेत ती बहुतेकांना ठाऊक नसते. केंद्र सरकारने एप्रिल २०१८ मध्ये काढलेल्या अधिसूचनेनुसार नगरपालिकांच्या हद्दीतल्या रस्त्यांवर मोटारीला ताशी ७० आणि दुचाकीला ताशी ६० किलोमीटर ही कमाल मर्यादा आहे. म्हणजे स्थानिक पातळीवर कमी मर्यादा ठरवलेली नसेल, तर बाजारपेठेतून ताशी ६५ च्या वेगाने मोटार नेणाऱ्या माणसाने, निदान आकड्याच्या हिशेबाने, मर्यादा ओलांडलेली नसते. आपण ५० वरून ३० वर येण्याबद्दल वाद घालतो आणि कागदावरचा आकडा मात्र ७० चा असतो.

माझा स्वतःचा या विषयाशी संबंध एका अपघातामुळे आला, आणि त्यात चूक माझी होती. काही वर्षांपूर्वी श्रावणातल्या एका सकाळी शाळेला उशीर झाला म्हणून मी स्कूटर जरा जोरात हाणत होतो. फार तर ४५ चा वेग असेल. उताराच्या वळणावर जांभ्याच्या गडग्याआडून एक पाखाडी रस्त्याला मिळते, तिथून डोक्यावर पाटी घेतलेली एक मासेवाली मावशी रस्त्यावर उतरली. पाऊस तिरपा येत होता, तिने पदर तोंडावर ओढून घेतला होता आणि मी ब्रेक दाबला तेव्हा मागचे चाक सरळ बाजूला गेले. स्कूटरचा आरसा तिच्या दंडाला लागला. ती हातावर पडली, पाटी उलटली आणि बांगडे डांबरावरून गटारापर्यंत वाहत गेले. मनगटाचे हाड मोडले होते. रिक्षात बसवताना ती एवढेच म्हणाली, "मास्तर, एवढी घाई कसली होती?" हाड जुळले, पण तो हात वर नेऊन पाटी डोक्यावर घेणे तिला पुन्हा जमले नाही. दारोदार फिरणे सुटले आणि आता ती नाक्यावर एका जागी बसून विकते.

त्या वर्षी गतीची समीकरणे शिकवताना मी नववीच्या मुलांना फळ्याऐवजी मैदानावर नेले. चालकाला धोका दिसल्यापासून ब्रेकवर पाय पडेपर्यंत एक सेकंद जातो असे धरले, रस्ता कोरडा आणि ब्रेक चांगले मानले, आणि मुलांनी मीटरपट्टी लावून फक्कीने रेषा मारल्या. ताशी ३० च्या वेगाने येणारी मोटार त्या एका सेकंदात ८.३ मीटर जाते, पुढच्या सुमारे ५ मीटरमध्ये थांबते, म्हणजे साधारण १३.३ मीटरवर उभी राहते. ताशी ५० ने येणारी मोटार त्या पहिल्या सेकंदातच १३.९ मीटर पुढे आलेली असते. या दोन रेषांमध्ये मुलांचे एक पाऊलसुद्धा नीट मावत नव्हते, आणि त्याचा अर्थ वर्गात कुणीतरी मोठ्याने सांगेपर्यंत मलाही इतका लख्ख जाणवला नव्हता: पहिली गाडी जिथे पूर्ण थांबली, तिथे दुसऱ्या गाडीच्या चालकाचा पाय अजून ब्रेकवर पडलेलाच नाही. त्या रेषेवर उभ्या राहिलेल्या मुलीला पहिली गाडी शिवत नाही आणि दुसरी पुऱ्या ५० च्या वेगाने लागते. मग आम्ही पावसाळ्याचा हिशेब केला. ओल्या रस्त्यावर पकड बरीच कमी होते असे धरले की पहिल्या गाडीला १७ मीटर आणि दुसरीला सुमारे ३८ मीटर लागतात. मैदान कमी पडले म्हणून शेवटची रेषा कुंपणाबाहेर मारावी लागली.

शिवाय धडकेतली ऊर्जा वेगाच्या वर्गाच्या प्रमाणात वाढते. ३० चे ५० झाले की ती सुमारे पावणेतीन पट होते. आपटणारी वस्तू तीच असली तरी माणसाचे शरीर काय सोसू शकते, ते यावर ठरते.

आता आपल्या मुख्य शंकेकडे येतो: अरुंद रस्त्यांवर गाड्या पळतात कुठे? सकाळी दहा वाजता रत्नागिरीत मारुती मंदिराजवळ किंवा राम आळीत उभे राहिलात तर आपले म्हणणे खरे वाटेल, कारण त्या वेळी कुणीच २० च्या पुढे जात नाही. परंतु दुपारी बाजार बंद झाल्यावर, किंवा रात्री दहानंतर याच रस्त्यांवर उभे राहून पाहावे. मे महिन्यात आणि गणपतीत हातखंब्याकडून महामार्ग सोडून आत येणाऱ्या गाड्या पाहाव्यात. तासन्‌तास ८०-९० ने गाडी चालवून आलेल्या माणसाला ५० चा वेग रांगल्यासारखा वाटतो. तो मुद्दाम माज करत नसतो, त्याच्या डोळ्यांना तशी सवय झालेली असते. अशा वेळी रस्ता मोकळा असतो आणि पायी चालणारा माणूस एकटा असतो.

आणि आपल्याकडे पायी चालायला रस्त्याखेरीज जागा नाही. पदपथ असलाच तर त्यावर दुचाकी उभ्या असतात किंवा गटारावरची लादी फुटलेली असते. पावसाळ्यात कडेला शेवाळ धरते, म्हणून म्हातारी माणसे मुद्दामच डांबरावरून चालतात. वारा समोरून असला की छत्री पुढे कलती धरावी लागते आणि समोरची गाडी दिसतच नाही. मुलांच्या रेनकोटच्या टोपीमुळे बाजूचे दिसत नाही. कोकणात हे चार महिने चालते, आणि वेगमर्यादा ठरवताना या चार महिन्यांचा विचार आधी व्हायला हवा असे मला वाटते. २०२२ साली देशात रस्ते अपघातांत १,६८,४९१ माणसे मेली. त्यांत ३२,८२५ पादचारी होते आणि दुचाकीवरची माणसे ४४ टक्क्यांहून अधिक होती. 'अतिवेग' हे कारण त्या सरकारी अहवालात सुमारे ७१ टक्के मृत्यूंपुढे लिहिलेले आहे, पण गुन्हा नोंदवताना 'भरधाव वेगाने' हे शब्द सहज लिहिले जातात, म्हणून त्या आकड्यावर मी फार भर देणार नाही. जी माणसे मेली त्यांतल्या निम्म्याहून अधिक जणांभोवती पत्रा नव्हता, ही गोष्ट मला अधिक बोलकी वाटते.

वेळ किती वाया जातो, याचे उत्तर सोपे आहे. अजिबात न थांबता सलग ५० ने जाता आले असते असे मानले, तरी ३० ने गेल्यास दर किलोमीटरला ४८ सेकंद अधिक लागतात. नाके, रिक्षा आणि वळणारी एस.टी. धरली तर प्रत्यक्षात फरक याहून बराच कमी पडतो.

बाहेरच्या अनुभवातून दोन गोष्टी शिकण्यासारख्या आहेत. ब्रिटनमधल्या वेल्समध्ये सप्टेंबर २०२३ पासून वस्तीतल्या रस्त्यांवर ताशी २० मैल, म्हणजे सुमारे ३२ किलोमीटर, ही मर्यादा लागू झाली. त्याविरुद्ध साडेचार लाखांहून अधिक लोकांनी सह्या केल्या, आणि त्यानंतर काही मोठ्या रस्त्यांवर जुनी मर्यादा परत आणण्याची मुभा तिथल्या सरकारकडून द्यावी लागली. तरीही अशा रस्त्यांवरचे जखमी आणि मृत यांची संख्या सुमारे चतुर्थांशाने घटली. म्हणून सरसकट सगळीकडे एकच आकडा लावण्याचा हट्ट मी धरणार नाही. शहराबाहेरून जाणारा वळणरस्ता वेगळा आणि आळी, बाजार, शाळा, एस.टी. स्टँड यांच्या आसपासचे रस्ते वेगळे. दिल्लीत २०२१ साली निवासी भागातल्या आणि बाजारातल्या आतल्या रस्त्यांपुरती ३० ची मर्यादा ठरवण्यात आली, तशी विभागणी आपल्याकडेही करता येईल.

दंडाबद्दलची आपली भीती मला खोटी वाटत नाही. रुंद, सरळ रस्ता करून ठेवायचा, त्यावर ३० ची पाटी झाडाच्या फांदीआड लावायची आणि पोलिसांनी पुढे झाडाखाली उभे राहायचे, याने कुणाचाही जीव वाचत नाही, आणि लोकांचा या कल्पनेवरचा विश्वास मात्र उडतो. वेग रस्त्यानेच कमी करवला पाहिजे. पण तिथेही आपल्याकडे काय होते ते पाहा: आमच्या भागात एका अपघातानंतर रातोरात रंबलर, म्हणजे गाडीचा वेग उतरवणारा आडवा उंचवटा, टाकला गेला. तो जेमतेम हातभर रुंद, मध्ये उभट, आणि त्यावर पांढरा पट्टा नाही. त्यावरून आदळून मागे बसलेल्या आजीबाईंच्या कमरेला मार बसल्याची दोन उदाहरणे मला माहीत आहेत. रस्त्यांची मानके ठरवणाऱ्या इंडियन रोड्स काँग्रेस या संस्थेच्या मानकात गोलाकार गतिरोधक ३.७ मीटर रुंद आणि १० सेंटीमीटर उंच सांगितलेला आहे, ताशी २५ च्या वेगाने गाडी त्यावरून अलगद जावी म्हणून. तसा गतिरोधक, शाळेसमोर उंचावलेली पादचाऱ्यांची वाट, नाक्यावर वळणाचा कोपरा आवळून घेणे, एवढी कामे केली तर पोलीस उभा नसतानाही वेग उतरतो.

आपल्या शहरात ही मागणी पुढे न्यायची असेल, तर नगरपरिषदेचा ठराव पुरेसा नाही हे लक्षात ठेवावे. मोटार वाहन कायद्याच्या कलम ११२ नुसार राज्य सरकारने किंवा त्याने अधिकार दिलेल्या प्राधिकाऱ्याने राजपत्रात अधिसूचना काढावी लागते आणि रस्त्यावर तशा पाट्या लावाव्या लागतात. त्याशिवाय केलेला दंड टिकणार नाही. अर्जासोबत मोजणी जोडावी. विजेच्या दोन खांबांमध्ये बरोबर ५० मीटर अंतर मोजून घ्या आणि मोबाइलवर वेळ लावा. ते अंतर ६ सेकंदांत कापणारी गाडी ताशी ३० ने जात असते, आणि ३.६ सेकंदांत कापणारी ५० ने. हे काम एकदा भर दुपारी करा, एकदा रात्री दहानंतर, आणि एकदा जुलैतल्या पावसात, शाळा सुटायच्या वेळी.